हाडामागची शाळा

८ डिसेंबर, रविवार

पाच जणी आल्या होत्या आणि पाचही जणींना उंबऱ्यावरून परत लावलं. झबली, टोपडी, डिंकाचे लाडू, सगळं पिशवीत तसंच. आमच्यात नातू झालाय का दरोडा पडलाय, मला कळेना. दाराला आतून कडी. धानव्वा चार घरं सोडून राहते, माझ्या मुलाच्या, रेवणच्या बाळंतपणात तिनं मला शेक दिलाय. ती म्हणाली, "चंद्रव्वा, आमच्या अंगाला किडं लागल्यात का?" मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तर म्हणते, "डॉक्टरीण न्हवती तवा पोरं जगली न्हाईत व्हय?" मला पण तेच वाटतं.

बारसं नाही. पाळण्याची गाणी नाहीत. बाळ एकोणतीस दिवसांचं झालं आणि दवाखान्याच्या कागदावर त्याचं नाव अजून 'महानंदाचं बाळ'. बापाचं नाव पण नाही त्यात. महानंदा म्हणजे माझी सून, रेवणची बायको.

चौथ्या दिवशी झटके आले. तीन आठवडे दवाखान्यात काचेत होतं. आता घरी दिलंय ते अशा अटींवर की जेलमधून सुटलेल्याला पण एवढ्या नसतील. कोपरापर्यंत साबण. तोंडाला फडकं. पाणी उकळून, दहा मिनिटं घड्याळ लावून. मुका घ्यायचा नाही. माझी भाकरीची भट्टी पण बंद, कारण पीठ उडतं आणि कामाच्या बाया येतात-जातात. वीस वर्षं मी कडक भाकरी विकते. पातळ थापून मंद आचेवर पापडासारखी कुरकुरीत करायची, दोन महिने टिकते. धूर खाऊन मला कधी सर्दी झाली नाही.

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली. ताप सकाळ-संध्याकाळ, दूध किती, शी किती, असं लिहायचं. महानंदा बारावी झालेली, ती लिहीन म्हणाली. मी म्हटलं, घरात मोठी मी. पुढच्या पानापासून बाळाचं लिहिते. मागच्या पानापासून माझं. मागून कोण बघतंय?

१० डिसेंबर, मंगळवार

दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणजे माजिदाबाई, आपल्या सोलापूरच्याच, वयानं माझ्या रेवणएवढ्या. चांगल्या आहेत, पण बोलतात हळू. मला हळू बोलणाऱ्या माणसाचा राग येतो. मी म्हटलं, बाई, एकदा काय ते सरळ सांगा, नाहीतर मी हितंच बसते.

त्यांनी दोन एक्स-रे उजेडावर लावले. एक दुसऱ्या कुणाच्या बाळाचा. छातीच्या मधल्या हाडामागं पांढरं तिकोनी काहीतरी. म्हणाल्या, गलबताच्या शिडासारखं दिसतं बघा. मी गलबत कुठं बघितलंय? मी म्हटलं, समोश्यासारखं म्हणा की. त्या हसल्या. मग आमच्या बाळाचा दाखवला. तिथं काळं. काहीच नाही.

"आजी, ही थायमस ग्रंथी. रक्तातले शिपाई असतात ना, ते हाडात जन्मतात, पण शिकायला हितं येतात. आपलं कोण, परकं कोण, कुणाला मारायचं, कुणाला हात लावायचा नाही. शिकून बाहेर पडले की जन्मभर राखण करतात."

"म्हणजे शाळाच म्हणा की."

"शाळाच. आणि याला ती नाही. शिपाई जन्मतात, पण अडाणी राहतात."

मी म्हटलं, "मग मला तरी कुठं शाळा होती? चौथीतनं काढली बापानं. मेले का मी?"

"तुम्ही चौथी तरी गेलात, आजी. हा पहिलीलाही गेला नाही."

रेवण तोंड फिरवून उभा राहिला. मला वाटलं हसतोय.

मग त्यांनी कागद काढून विचारलं, "याला मोठं भावंड आहे का?"

मी म्हटलं, "न्हाई. पहिलंच."

त्यांनी लिहून घेतलं. महानंदा बाळाचा मोजा चढवत होती. चढलेला मोजा काढला आणि परत चढवला.

मी बरोबर सांगितलं. शिवलीला माझ्या बहिणीची आहे. पाच वर्षांपूर्वी महानंदाला पहिली मुलगी झाली, तेव्हा मी ती सुपात घालून धाकट्या बहिणीच्या, गौरम्माच्या ओटीत दिली. मंद्रूपला गौरम्माच्या लग्नाला चौदा वर्षं झालेली, मूल नाही, सासू रोज टोचून खायची. मी शब्द दिला की मागं बघणार नाही, नाव काढणार नाही. सिद्धरामेश्वराच्या पायरीवर दिला. असा शब्द दिल्यावर कुणी विचारलं म्हणून मोडायचा असतो का? आणि डॉक्टरला भावंडाशी काय करायचंय?

१३ डिसेंबर, शुक्रवार

पुण्याला पाठवलेल्या रक्ताचं आलं. शिकलेले शिपाई हजार-दोन हजार तरी पाहिजेत. आमच्या बाळाच्यात एकवीस. एकवीस! गल्लीतल्या गणपतीला पण याच्यापेक्षा जास्त पोरं जमतात.

मी त्याला तिप्पा म्हणायला लागलेय. आमच्यात उकिरड्याला तिप्पी म्हणतात. जे लेकरू जगवायचं असतं त्याला असलं घाण नाव ठेवायचं, म्हणजे यम बघून नाक मुरडतो आणि पुढं जातो. महानंदाला आवडलं नाही. ती काही बोलत नाही, पण तिला आवडलं नाही की मला कळतं. आमच्यात ती न बोलताच भांडते.

बाळ दिसायला किती छान आहे. कान तेवढे बारीक, खाली आलेले. हाताची मूठ उघडून माझं बोट धरतो. हातमोज्यातनं.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज मी एक गोष्ट केली. लिहिते, कारण सांगायला कुणी नाही.

आमच्यात बाळ झालं की जंगमाला बोलावून त्याला लिंग बांधतात. सव्वा महिना होऊन गेला तरी याचं झालं नाही. माझ्या मनात रोज एकच यायचं. हे असंच गेलं तर? लिंग न बांधताच गेलं तर त्याला कोण ओळखणार वर?

म्हणून जंगम अय्यांना बोलावलं. त्यांना सगळं सांगितलं. ते दारातच थांबले. म्हणाले, "अव्वा, मी हितनंच आशीर्वाद देतो. लेकरू बरं झाल्यावर बांधू. देवाला घाई नसते."

मी म्हटलं, "देवाला नसंल. मला हाय."

त्यांनी साबणानं हात धुतले, मीच धुवायला लावले. तोंडाला रुमाल बांधला. लिंग रेशमी कापडात गुंडाळून पाळण्याला बांधलं, अंगाला नाही. विभूती पण कागदात दिली, लावू नका म्हणाले. म्हणजे त्यांनी काही चूक केली नाही, हे इथं लिहून ठेवते.

ते गेल्यावर तीर्थ वाटीत राहिलं होतं. अय्यांच्या पायांवरून घेतलेलं. घरातल्या प्रत्येक बाळाच्या जिभेला ते लागलंय, माझ्या, रेवणच्या. महानंदा अंघोळीला गेली होती. मी करंगळी बुडवली आणि तिप्पाच्या ओठाला लावली. एक थेंब. मुंगीच्या पण पायाला पुरला नसता.

त्यानं जीभ फिरवली. मला इतकं बरं वाटलं.

२२ डिसेंबर, रविवार

शी: सकाळपासून अकरा वेळा. पुढच्या पानावर मी पाच लिहिलं. मग खोडून आठ केलं. मग परत दवाखान्यात.

माजिदाबाई म्हणाल्या, "बाहेरचं काही पोटात गेलंय का?" मी म्हटलं, "उकळल्याबिगर पाणी न्हाई घरात." ते खरंच होतं. त्या म्हणाल्या, "घुटी, मध, काही?" मी म्हटलं, न्हाई. घुटी दिली नाही, मध दिला नाही. तेही खरंच.

महानंदा माझ्याकडं बघत होती. ती अंघोळीला गेली होती, तिला काय माहीत?

टाळूला सलाईन लावायला त्याचे केस काढले. थोडेसेच. नर्सनं कागदात बांधून दिले, जावळ म्हणून ठेवा म्हणाली. मी कागद कमरेला खोचला. दिवसभर बाकावर बसून होते. करण्यासारखं काही नाही. हात धुवायचे, परत बसायचं. मला बसून राहायची सवय नाही. बाकाखालचा केर मी पदरानं गोळा केला, तर दवाखान्याचा शिपाई ओरडला.

२ जानेवारी, गुरुवार

जुलाब थांबले, तर काखेत गाठ आली. लिंबाएवढी.

जन्मल्याबरोबर दंडावर टोचतात ती टीबीची लस, सगळ्या बाळांना टोचतात. त्यात अर्धमेले पण जिवंत जंतू असतात म्हणे. दुसऱ्या बाळांचे शिपाई त्यांच्याशी खेळून लढाई शिकतात. याच्या अंगात शिकणाराच नाही, तर ते खेळायला आणलेले जंतूच घरात ठाण मांडून बसले. टोचणाऱ्या बाईची चूक नाही, तेव्हा कुणाला माहीत होतं? मी भांडायला कुणीतरी शोधत होते. सापडलं नाही.

मी माजिदाबाईंना म्हटलं, "ती ग्रंथी माझी काढून घाला की. माझं शिकून झालंय."

"आजी, ती लहानपणीच सगळ्यात मोठी असते. वयात आलं की सुकत जाते. तुमची एव्हाना चरबी झाली असेल."

एवढ्या वर्षांत माझ्या अंगातली एक गोष्ट कामाची होती, ती पण मला न विचारता चरबी झाली.

मग त्यांनी रेवणला आणि महानंदाला खुर्चीवर बसवलं. मला पण बसवलं. म्हणाल्या, परदेशात दोन-तीन ठिकाणी दुसऱ्या बाळाच्या ग्रंथीचे तुकडे मांडीत बसवतात, मग तिथं शाळा भरते. आपल्याकडं ते होत नाही, आणि तिकडं नंबर लागेपर्यंत हा थांबणार नाही. आपल्याकडं एकच रस्ता होता. सख्ख्या भावाचं किंवा बहिणीचं जुळलं, तर त्यांच्या हाडातला मगज घेऊन याला देतात. त्याच्यासोबत शिकून तयार झालेले शिपाई येतात. आई-बापाचं अर्धंच जुळतं, त्यात धोका फार. "पण हा पहिलाच आहे, म्हणून तो रस्ता मी धरलाच नव्हता."

मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मी गौरम्माचं नाव तोंडात आणलं आणि गिळलं. शब्द दिलाय. सिद्धरामेश्वराच्या पायरीवर.

आणि महानंदा म्हणाली, "मोठी बहीण हाय त्याला. पाच वर्षं दोन महिन्यांची."

मोठ्या माणसांसमोर, मला न विचारता. सहा वर्षांत पहिल्यांदा. मला इतका राग आला की मी पण तोंड उघडलं आणि तीर्थाचं सांगून टाकलं. थेंब, करंगळी, सगळं. माजिदाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "मुलगी कुठं आहे?"

३ जानेवारी, शुक्रवार

चारात एकदा जुळतं म्हणे. म्हणजे तीनदा नाहीच. आधी नुसतं गालातून कापूस फिरवून तपासतात. जुळलं तर पुण्याला नेऊन मुलीला गुंगी देऊन कमरेच्या हाडातून घेतात, दोन-चार दिवस दुखतं, परत भरून येतं. पण दोन्हीला आई-बापाची सही लागते.

रेवण म्हणाला, मी करतो की सही. माजिदाबाई म्हणाल्या, जन्माचा दाखला आणा.

दाखल्यावर आई गौरम्मा आहे. बाप बसप्पा, तिचा नवरा. मीच केलंय ते. महानंदाला बाळंतपणाला भरती करताना मी गौरम्माच्या नावानं भरती केली, गौरम्माचं कार्ड दाखवून, म्हणजे पुढं कुणी बोट दाखवायला नको. किती हुशारी वाटली होती मला तेव्हा. महानंदा कळा देत होती आणि नर्स तिला "गौरम्मा, जोर लावा" म्हणत होती. ती गप्प जोर लावत होती.

आता कागदावर रेवण त्या मुलीचा मावसभाऊ आहे.

५ जानेवारी, रविवार

मंद्रूपला गेले. एकटीच. बसप्पा कडबा रचत होता. मला बघून खाली उतरला, पाणी दिलं. भला माणूस आहे, पण बायकोच्या पुढं शब्द काढत नाही. गौरम्मा काठीवर शेवया वाळत घालत होती. शिवलीला धावत आली, "दोड्डव्वा आली, दोड्डव्वा आली," आणि कमरेला मिठी. मोठी आई म्हणते मला. दोन दात पडलेत. मी मिठी सोडवली, दवाखान्यात परत जायचं होतं, तिचं नाक वाहत होतं.

पोरीला बाहेर पाठवून मी सरळ सांगितलं. मला आडवळणानं बोलता येत नाही.

गौरम्मा शेवया घालतच राहिली. म्हणाली, "अक्का, तू काय म्हणली हुतीस? मागं बघणार न्हाई."

"मागत न्हाई मी पोरगी. गालातनं कापूस फिरवायचा नुसता."

"आज कापूस. उद्या हाड. परवा?"

"परवा काय? परवा तुझी पोरगी तुझ्या घरात."

"तपासलं की कागदावर येणार, ह्यो तिचा सख्खा भाऊ म्हणून. मग माझा दाखला खोटा. मग पोलीस येऊ दे, महानंदा येऊ दे. मी कुणाला अडवू?"

"महानंदाची काय हिंमत?"

तेव्हा तिनं काठी खाली ठेवली. "अक्का, ही झाली त्या दिवशी तू म्हणालीस, पैला मुलगाच पायजे हुता. हिचं तोंड बघायच्या आधी तू मला फोन लावलास. आणि पाच वर्षं सगळ्या पावण्यांत सांगत फिरलीस की मी बहिणीला पोटचा गोळा दिला. दर पंचमीला, दर दिवाळीला, मी तुझं ऐकून घेतलं. मुलगी नको हुती तवा दिलीस. आता मुलगा झाला तर तिचं हाड मागायला आलीस."

बसप्पा म्हणाला, "गौरा, पावणी हाय ती. पाणी पिऊ दे आधी."

मी पाणी न पिता उठले. बसमध्ये बसल्यावर मला एक-एक उत्तर सुचत गेलं. चांगली चांगली उत्तरं. आता काय उपयोग?

१० जानेवारी, शुक्रवार

गौरम्मा फोन उचलत नाही. बसप्पाच्या फोनवर केला तर उचलतो, "बघू की अक्का, बघू की" म्हणतो, आणि मागून तिचा आवाज आला की ठेवतो.

तिप्पाचं वजन दोनशे ग्रॅम कमी. आता पुढच्या पानावर मी खोटं लिहीत नाही. काखेतली गाठ फुटली. दिवसातून दोनदा पट्टी. तो रडतो पण आवाज बारीक, मांजरासारखा, दाराबाहेर पोचत नाही. दारातून मी बघते. आत एकालाच सोडतात, महानंदा आत असते.

माजिदाबाईंनी गौरम्माशी बोलायची तयारी दाखवली. मी नंबर दिला. तिनं त्यांचाही उचलला नाही. मी विचारलं, जबरदस्ती काही करता येत नाही का, कोर्टातून? त्या म्हणाल्या, "आजी, मुलगी देणगी देते. देणगी ओढून घेता येत नाही." दाखल्याचं विचारलं, तर म्हणाल्या वकिलाचा सल्ला घ्यावाच लागेल, पण त्यांच्यासाठी आधी बाळ.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी रस्त्यावर, नंदीध्वज निघालेत, आवाज दवाखान्यापर्यंत येतोय. आमच्या घरातून यंदा कुणी गेलं नाही.

महानंदानं पिशवीतून फ्रॉक काढला, पिवळा. दर संक्रांतीला ती मंद्रूपला एक फ्रॉक शिवून पाठवते. शिवणाची हौस आहे तिला. आणि माप न घेता शिवते, तरी दरवर्षी बरोबर बसतो. ह्या सगळ्यात यंदा कधी शिवला कोण जाणे.

मग मला म्हणाली, "अत्ती, मी लिहून देते."

"काय?"

"शिवलीला माझी न्हाई म्हणून. कधीच मागणार न्हाई. मुद्रांकावर. मावशींना तेच भ्या वाटत असंल."

मी म्हटलं, हे आधी का नाही सुचलं तुला? रेवण म्हणाला, "अव्वा, गप की." मी गप का बसू? सून पहिल्यांदा कामाचं बोलली. रेवण बाहेर गेला आणि गाडीजवळ उभा राहिला, बराच वेळ.

महानंदानं कच्चं वहीच्या कागदावर लिहिलं. एक ओळ लिहिली आणि पेन थांबलं. मला वाटलं शाई संपली, मी माझं पेन दिलं. तिनं घेतलं. तिचं पण चालत होतं, मी नंतर बघितलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

मुद्रांक आणि फ्रॉक घेऊन मंद्रूपला. गौरम्मानं कागद वाचला. दोनदा वाचला. सहीवर बोट ठेवून बसली.

"हिनं लिहिलं," म्हणाली. "स्वतःच्या हातानं लिहिलं." मग डोळे पुसले आणि चिडून म्हणाली, "ही परत लेकीला सोडती. दुसऱ्यांदा. तू बघत हुतीस?"

मी म्हटलं, "मीच पेन दिलं."

"आणि तू काय लिहून देतीस अक्का?"

मी म्हटलं, मी काय लिहू? माझ्याकडं काय आहे द्यायला?

"तेच तर इचारती मी," म्हणाली आणि आत गेली. कागद ठेवून घेतला. फ्रॉक पण ठेवून घेतला. व्हय म्हणाली नाही, न्हाई म्हणाली नाही. बसप्पा मला बसपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "अक्का, ती चार दिस झालं जेवली न्हाई. पोरीला मांडीवरनं खाली ठिवत न्हाई. पोरगी इचारती, मला शाळेला का पाठवंना?"

२० जानेवारी, सोमवार

ताप १०३. पुण्याच्या दवाखान्यात माजिदाबाईंनी जागा धरून ठेवलीय. शुक्रवारी सकाळी त्यांना कळवायचं, बहिणीचा कापूस येतोय का नाही. नाहीतर ती जागा दुसऱ्या लेकराला. त्या लेकराची पण आजी कुठंतरी बाकावर बसली असेल.

आत्ता कच्चं लिहिते. चुका बघून मग दुसऱ्या कागदावर उतरवते. उद्या बसप्पा मार्केट यार्डात येणार आहे, त्याच्या हातात देते. बोलायला गेले की मला राग येतो, म्हणून लिहिते.

गौरम्मा,

तू विचारलंस मी काय लिहून देते. हे देते.

शिवलीला झाली तेव्हा मी तिचं तोंड बघितलं नाही. मुलगी म्हटल्यावर मी मागं फिरले आणि तुला फोन लावला. तुझी दया आली म्हणून दिली असं मी सगळ्यांना सांगितलं, ते अर्धं खोटं होतं. किती अर्धं ते मलाच माहीत नाही. महानंदाला मी विचारलं नव्हतं. तिला दूध येत होतं, मी कापूर आणि कोबीची पानं बांधून ते बंद केलं. रेवणला पण विचारलं नव्हतं. नाव बदलून भरती केली ती मीच. पोलीस आले तर मी सांगीन, हे सगळं माझ्या डोक्यातून निघालं, तुझा, महानंदाचा आणि बसप्पाचा दोष नाही. तेही मुद्रांकावर लिहून देते, सही करून, अंगठा मारून.

पावण्यांत मी परत तोंड उघडणार नाही. उघडलं तर तू चारचौघांत हा कागद वाचून दाखव.

जुळेल असं नाही. चारात एकदा जुळतं. न जुळलं तर मी परत तुझ्या दारात येत नाही. जुळलं आणि तरी पोरगं गेलं, तर त्याचा दोष पोरीवर येऊ देणार नाही, तुझ्यावर पण नाही. पोरीला काय सांगायचं ते तू ठरव. काही नको सांगू वाटलं तर नको सांगू.

मला त्याला उचलता येत नाही. पट्टी बदलताना पण आत सोडत नाहीत. माझ्या हातात एवढाच कागद आहे.

तू रागाव. मला काय पण म्हण. पण गप नको बसू. कागदावर आई तू आहेस, तुझ्याबिगर कुणाची सही चालत नाही. शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाई पुण्याला फोन लावणार. गुरुवारी दिवस मावळायच्या आत मला सांग. व्हय म्हण नाहीतर न्हाई म्हण, पण गुरुवारपर्यंत सांग.